द्रवस्फटिक पडद्यातील पृष्ठथर : मखमली घर्षणापासून प्रकाशलेखनापर्यंत

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या पट्ट्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या परिसरात, एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीचा अंकदर्शक पडदा किंवा बाहेरच्या भिंतीवरील वीजमीटरचा पडदा संपूर्ण काळा पडल्याचे अनेकांनी पाहिले असेल. सायंकाळी तो पुन्हा पूर्ववत दिसू लागतो. या घटनेचे अर्धे स्पष्टीकरण पदवी स्तरावरील कोणताही विद्यार्थी देऊ शकतो. बंद काचेखालील तापमान हवेच्या तापमानापेक्षा बरेच वाढते, द्रवस्फटिक आपली विशिष्ट अवस्था सोडून साधा द्रव होतो, त्याची प्रकाशाचे ध्रुवण वळविण्याची क्षमता नष्ट होते आणि परस्परांस काटकोनात बसविलेल्या दोन ध्रुवकांमधून प्रकाश बाहेर पडत नाही.

उरलेले अर्धे स्पष्टीकरण मात्र क्वचितच विचारले जाते. साधा द्रव झालेल्या पदार्थातील रेणू सर्व दिशांना विखुरलेले असतात. त्यांच्याजवळ पूर्वीच्या रचनेची कोणतीही खूण उरत नाही. मग थंड झाल्यावर अब्जावधी रेणू नेमके पूर्वीच्याच दिशेने, पूर्वीच्याच पिळासह पुन्हा कसे उभे राहतात? ही स्मृती द्रवात नसून काचेवरील एका अत्यंत पातळ थरात साठविलेली असते. साधारणपणे ५० ते १०० नॅनोमीटर जाडीच्या या थरास पृष्ठथर किंवा संरेखनथर असे म्हणता येईल. महाविद्यालयीन अध्यापनात द्रवस्फटिक पडद्याचे वर्णन बहुधा विद्युतदाबापासून सुरू होते व या थराचा उल्लेख एखाद्या वाक्यात संपतो. वस्तुतः गेल्या पन्नास वर्षांत पडद्यांची जी प्रगती झाली तिचा मोठा भाग या थरावर दिशा कशी कोरावी, आणि पुढे एकाच थरावर अनेक दिशांची नक्षी कशी उमटवावी, या प्रश्नाच्या उत्तरांतून झालेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पृष्ठभागाचे कार्य

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांनी १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाचे दोन वितळणांक नोंदविले आणि ओटो लेमान यांनी त्यामागील नव्या अवस्थेचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. पडद्यांसाठी उपयोगात येणारी अवस्था नेमॅटिक या नावाने ओळखली जाते. तीत लांबट रेणूंची स्थाने द्रवाप्रमाणे अनियमित असतात, परंतु त्यांचे लांब अक्ष सरासरीने एका दिशेस समांतर असतात. या सरासरी दिशेस दिशादर्शक म्हणतात. नेमॅटिक द्रवाला कोणतीही एक दिशा स्वतःहून अधिक प्रिय नसते. रेणूंनी एकमेकांस समांतर राहावे एवढाच त्याचा आग्रह असतो. ती समान दिशा कोणती असावी हे बाहेरून ठरवावे लागते.

मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिळदार नेमॅटिक रचनेत हे बाह्य नियंत्रण अतिशय चातुर्याने वापरलेले आहे. खालच्या काचेवरील थर रेणूंना एका दिशेत बसवितो, वरच्या काचेवरील थर तिच्याशी काटकोनात बसवितो आणि मधल्या काही मायक्रोमीटरमध्ये द्रव स्वतःच ९० अंशांचा नितळ पीळ तयार करतो. प्रकाशाचे ध्रुवण त्या पिळाबरोबर वळते व दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडते. विद्युतदाब दिला की रेणू क्षेत्राच्या दिशेने उभे राहतात, पीळ मोडतो आणि तो भाग काळा दिसतो.

यासाठी किती दाब लागतो याचा अंदाज सोप्या गणिताने येतो. समांतर बसलेल्या नेमॅटिक थराचा उंबरठा-दाब हा स्थितिस्थापकता स्थिरांकास विद्युतपारगम्यतेच्या फरकाने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या पाय पट असतो. स्थितिस्थापकता स्थिरांक सुमारे १० पिकोन्यूटन आणि सापेक्ष पारगम्यतेतील फरक १० धरल्यास उत्तर एक व्होल्टच्या आसपास येते. त्यात थराच्या जाडीचा संबंध राहत नाही. मनगटी घड्याळ एका लहान विद्युतघटावर वर्षानुवर्षे चालते त्याचे एक मूळ येथे आहे. मात्र या गणितात एक गृहीतक दडलेले असते, ते असे की काचेलगतचे रेणू जागचे हलत नाहीत. क्षेत्र दूर झाल्यावर द्रवास मूळ स्थितीत परत ओढणारी शक्तीही त्या न हलणाऱ्या रेणूंपासूनच येते. पृष्ठथराची पकड ढिली असेल तर हे गणितही ढासळते.

मखमल आणि पॉलिइमाइड

दिशा देण्याची सर्वांत जुनी रीत आश्चर्य वाटावे इतकी घरगुती आहे. काच एका दिशेने घासावी, एवढेच. फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच पिळदार नेमॅटिक थरांचे प्रकाशीय गुण तपासले होते आणि पृष्ठभाग घासल्याने रेणूंना दिशा मिळते हेही त्या काळी ज्ञात झाले होते. १९४० च्या दशकात पिएर शातलँ यांनी घर्षणाच्या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे कारखान्यांत काचेवर पॉलिइमाइड या उष्णतारोधक बहुवारिकाचा पातळ थर देऊन तो भाजणे आणि मखमलीसारखे कापड गुंडाळलेला फिरता रूळ त्यावरून नेणे ही रीत स्थिर झाली. अब्जावधी रुपये खर्चून उभारलेल्या, धुळीचा कणही आत येऊ न देणाऱ्या दालनात मध्यभागी कापडाचा रूळ फिरत असे, हे दृश्य तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीदार विसंगती म्हणावी लागेल.

घर्षणाने नेमके काय घडते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. सहज सुचणारे उत्तर असे की कापडाच्या तंतूंनी सूक्ष्म चऱ्या पडतात आणि रेणू त्या चऱ्यांत, नांगरलेल्या सरीत काडी आडवी पडावी तसे, बसतात. बेल प्रयोगशाळेतील ड्वाइट बेरेमन यांनी १९७२ मध्ये या कल्पनेस गणिती रूप दिले. रेणू चरीला आडवे बसले तर दिशादर्शकास चढउतारांबरोबर वाकावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. चरीच्या लांबीत बसले तर वाकावे लागत नाही. ही जादा ऊर्जा चरीच्या खोलीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि दोन चऱ्यांमधील अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. चरीची खोली ५ नॅनोमीटर व अंतर १०० नॅनोमीटर धरल्यास बेरेमन यांच्या सूत्रानुसार ही ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे एक लक्षांश ते दोन लक्षांश ज्यूल येते. घासलेल्या पॉलिइमाइडची प्रत्यक्ष पकड याहून दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. अंतर एक मायक्रोमीटरपर्यंत वाढविले तर, खोली दुप्पट करूनही, चऱ्यांचा वाटा नगण्य उरतो.

तेव्हा चऱ्या हे अपुरे उत्तर ठरते. १९८७ मध्ये गिअरी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर्षणाने बहुवारिकाच्या साखळ्यांनाच दिशा मिळणे. १९९५ मध्ये टोनी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने घासलेल्या पॉलिइमाइडच्या पृष्ठालगतच्या साखळ्या घर्षणाच्या दिशेत वळलेल्या असल्याचे प्रत्यक्ष दाखविले. म्हणजे मखमल नांगरापेक्षा कंगव्याचे काम अधिक करते. चऱ्यांचा सिद्धांत त्यामुळे रद्द होत नाही. मुद्दाम कोरलेल्या, दाट आणि खोल चऱ्यांच्या पृष्ठभागांवर तोच लागू पडतो. परंतु घासलेल्या पडद्याचे स्पष्टीकरण म्हणून केवळ चऱ्यांचे चित्र काढून दाखविणे विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारे आहे, आणि अध्यापनात ही दुरुस्ती सहज करण्यासारखी आहे.

घर्षणाचा आणखी एक परिणाम मोलाचा आहे. रेणू काचेस पूर्ण समांतर न बसता घर्षणाच्या दिशेने किंचित, साधारणपणे एक ते पाच अंश, डोके वर काढून बसतात. हा पूर्वकल नसेल तर दाब दिल्यावर काही रेणू एका बाजूने व काही विरुद्ध बाजूने उठतात आणि त्यांच्या सीमेवर चित्रात डाग दिसतात.

एकच दिशा अपुरी का पडते

कापडाच्या रुळाचे गुण तेच त्याचे दोषही आहेत. घर्षणाने सूक्ष्म कण सुटतात व स्थिरविद्युत निर्माण होते. काचेवरील ट्रान्झिस्टर आणि तारांच्या उंचवट्यांपाशी कापड सारखे टेकत नाही. परंतु सर्वांत मोठी मर्यादा भूमितीची आहे. रूळ संपूर्ण काचेस एकच दिशा देतो.

या मर्यादेचा परिणाम जुने मांडीसंगणक वापरलेल्या प्रत्येकाने अनुभवला आहे. पडदा समोरून ठीक दिसे, खालून पाहिल्यास रंग उलटे होत आणि वरून पाहिल्यास चित्र फिके पडे. करड्या छटेसाठी रेणू अर्धवट उठलेले असतात आणि सर्व एकाच बाजूस झुकलेले असतात. एका बाजूने पाहणाऱ्यास ते लांबीने दिसतात, दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्यास टोकाने. द्विअपवर्तन पाहण्याच्या कोनाबरोबर बदलते व छटाही बदलते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चित्रबिंदूचे दोन किंवा चार भाग करून त्यांतील रेणू वेगवेगळ्या बाजूंना झुकविणे, जेणेकरून कोणत्याही कोनातून सरासरी सारखीच येईल. उपाय उघड होता, पण त्यासाठी काही मायक्रोमीटर रुंदीच्या भागांना स्वतंत्र दिशा द्यावी लागते आणि ते कापडाच्या आवाक्याबाहेरचे आहे. थराचा काही भाग झाकून घासणे, आवरण काढणे, मग दुसरा भाग झाकून उलट दिशेने घासणे असे प्रयत्न झाले. ते यशस्वी झाले तरी मोठ्या उत्पादनाच्या दृष्टीने फार किचकट होते.

याच अडचणीवरील एका वेगळ्या उपायाचा धागा विदर्भापर्यंत पोहोचतो. भारतीय द्रवस्फटिक संशोधनाचे अध्वर्यू प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पदवी घेतली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न होती तेच हे विद्यापीठ. सर सी. व्ही. रामन यांचे भाचे असलेले चंद्रशेखर पुढे बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत गेले. तेथे १९७७ मध्ये त्यांनी बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांच्यासह तबकडीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात हे सिद्ध केले. तोपर्यंत केवळ काडीसारख्या रेणूंचेच द्रवस्फटिक ज्ञात होते. हा शोधनिबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानमधील फूजी कंपनीने अशाच तबकडी-रेणूंचा, जाडीनुसार कल बदलत जाणारा फितीसारखा पापुद्रा तयार केला. तो पिळदार नेमॅटिक पडद्याच्या दोन्ही बाजूंस लावल्यावर तिरप्या कोनातील दोष बराच कमी होतो. लक्षणीय गोष्ट अशी की त्या पापुद्र्यातील तबकड्यांना दिशा देण्यासाठीही घासलेला पृष्ठथरच लागतो. काडी असो वा तबकडी, पहिला शब्द पृष्ठभागाचाच.

प्रकाशाने लिहिलेला थर

स्पर्शाविना दिशा देण्याचे प्रयत्न पूर्वीपासून होते. १९७२ मध्ये जॉन जॅनिंग यांनी सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ काचेवर तिरपी सोडून संरेखन साधले. २००१ मध्ये आय.बी.एम.मधील प्रवीण चौधरी आणि सहकाऱ्यांनी तिरप्या कणझोताने अकार्बनी थरास दिशा देता येते असे ‘नेचर’मध्ये मांडले. परंतु नक्षीच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो प्रकाश.

जपानमधील कुनिहिरो इचिमुरा यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखविले की काचेवर अॅझोबेंझिन रेणूंचा एक थर जोडला आणि त्यावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश टाकला, तर त्या रेणूंचा आकार बदलून वरच्या संपूर्ण द्रवस्फटिकाची मांडणी बदलते. १९९१ मध्ये गिबन्स आणि सहकाऱ्यांनी ध्रुवित लेझर प्रकाशाने संरेखनाची दिशा ठरविता व पुन्हा बदलता येते हे दाखविले. १९९२ मध्ये कीव्ह येथील गटाने, तसेच शाड्ट, चिग्रिनोव्ह आदींनी सिनॅमेट गट असलेल्या बहुवारिकावर ध्रुवित अतिनील प्रकाश टाकून असेच संरेखन मिळविले.

यामागील तत्त्व समजण्यास कठीण नाही. रेणूचा प्रकाशशोषक अक्ष प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रास समांतर असेल तर शोषण सर्वाधिक होते, काटकोनात असेल तर जवळजवळ होत नाही. सिनॅमेटमध्ये समांतर असलेले गट प्रकाश शोषून परस्परांस जोडले जातात. अॅझोबेंझिनमध्ये समांतर असलेले रेणू पुनःपुन्हा आकार बदलत फिरत राहतात आणि अखेरीस प्रकाश ज्यांना ‘दिसत नाही’ अशा काटकोनाच्या दिशेत स्थिरावतात. दोन्ही प्रकारांत पूर्वी सर्व दिशांना सारखा असलेला थर दिशायुक्त होतो. प्रकाश मुखपटातून पाडता येतो व त्याचे ध्रुवण हवे तसे फिरविता येते. त्यामुळे शेजारच्या दोन भागांस दोन दिशा देणे हे दोन वेळा छायाचित्र घेण्याइतके सोपे होते. शाड्ट, सायबर्ले आणि शूस्टर यांनी १९९६ मध्ये याच मार्गाने बहुभागी, विस्तृत दृष्टिकोनाचे पडदे तयार करून दाखविले.

तरीही प्रयोगशाळेतून कारखान्यात येण्यास आणखी तेरा वर्षे लागली. दूरचित्रवाणी संचांसाठी दरम्यान उभ्या संरेखनाची रीत रूढ झाली होती, जीत दाब नसताना रेणू काचेवर लंब उभे असतात. ते कोणत्या बाजूस पडावेत हे ठरविण्यासाठी फुजित्सू कंपनीने १९९७ पासून काचेवर सूक्ष्म उंचवटे वापरले. पण हे उंचवटे प्रकाश अडवीत आणि काळ्या रंगात किंचित उजेड झिरपू देत. शार्प कंपनीने २००९ मध्ये उंचवट्यांऐवजी अतिनील प्रकाशाने दिलेला किंचित कल वापरून उत्पादन सुरू करण्याची घोषणा केली. प्रकाश जाण्याचे क्षेत्र २० टक्क्यांनी वाढले आणि समोरून मोजलेला उजेड-काळोख प्रमाणांक ५०००:१ झाला, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले होते. पुढे भ्रमणध्वनींच्या दाट चित्रबिंदूंच्या पडद्यांतही प्रकाशसंरेखन रुळले.

नक्षी अधिक बारीक केली तर पृष्ठभाग नवे गुण दाखवितो. २००२ मध्ये जपानमधील किम, योनेया आणि योकोयामा यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने पॉलिइमाइडवर तीन दिशांची सूक्ष्म चौकट कोरली. इतक्या लहान अंतरात प्रत्येक कप्प्याचे ऐकणे द्रवास परवडत नाही. तो तडजोड म्हणून एक सामाईक दिशा निवडतो. चौकटीच्या सममितीमुळे अशा तीन दिशा समान पसंतीच्या ठरतात आणि दाब काढून घेतल्यावरही द्रव त्यांपैकी दिलेल्या दिशेतच राहतो.

दुसरे उदाहरण पुन्हा भारतीय नावाशी निगडित आहे. रामन यांचेच दुसरे भाचे एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ध्रुवित प्रकाशाच्या व्यतिकरणाचा अभ्यास करताना असे दाखविले की ध्रुवणाची अवस्था एका बंद मार्गाने फिरवून मूळ ठिकाणी आणल्यास प्रकाशाच्या कलेत केवळ त्या मार्गाच्या भूमितीवर अवलंबून असणारी भर पडते. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत या कल्पनेचे व्यापक रूप मांडल्यानंतर तिचे महत्त्व जगास उमगले. पंचरत्नम १९६९ मध्येच ऑक्सफर्ड येथे निवर्तले होते. आज पृष्ठथरावर संरेखनाची दिशा केंद्रापासून बाहेर क्रमाने फिरत जाईल अशी नक्षी प्रकाशाने लिहिली जाते. त्यावरील अर्धतरंग जाडीचा द्रवस्फटिक थर वर्तुळध्रुवित प्रकाशाच्या कलेत त्या त्या ठिकाणच्या कोनाच्या दुप्पट बदल घडवितो. दोनएक मायक्रोमीटर जाडीचा हा सपाट पापुद्रा भिंगाचे काम करतो. त्याला वक्रता नसते. संपूर्ण भिंग कोनांच्या नक्षीत असते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

हा विषय केवळ परदेशी कारखान्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याचा गाभा कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात दाखविता येतो आणि विद्युतघटाचीही गरज लागत नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे सुमारे एक टक्का जलीय द्रावण दोन काचपट्ट्यांवर पसरून वाळवावे. प्रत्येक पट्टी मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासावी. मग एका पट्टीवर जाड प्लास्टिकमध्ये कापलेला अक्षराचा साचा ठेवून तेवढाच भाग पहिल्या दिशेच्या काटकोनात पुन्हा घासावा. दुसरे घर्षण पहिल्याची दिशा पुसून आपली दिशा देते. दोन्ही पट्ट्यांची पहिली दिशा समांतर ठेवून, कडेला स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या पट्ट्या घालून त्या चिमट्यांनी धराव्यात आणि द्रवस्फटिक फटीत केशाकर्षणाने भरावा. द्रव्य हातमोजे घालूनच हाताळावे.

येथे जिल्ह्याचे हवामान आडवे येऊ शकते. इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेला ५सीबी हा सर्वपरिचित द्रवस्फटिक सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच नेमॅटिक असतो. खामगावच्या मे महिन्यात तो बाटलीतही साधा द्रवच असेल. बुलढाण्यास, घाटावर, थोडी सवलत मिळेल एवढेच. प्रयोगाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच ठेवणे इष्ट. भरताना मात्र पट्ट्या किंचित गरम असणे चांगले, कारण नेमॅटिक अवस्थेत भरल्यास प्रवाहाचीच दिशा रेणूंत उमटण्याचा धोका असतो.

तयार पट्टी नुसत्या डोळ्यांना पूर्ण पारदर्शक दिसते. अक्षराचा मागमूस नसतो. काटकोनातील दोन ध्रुवकांमध्ये, पहिली घर्षणदिशा एका ध्रुवकास समांतर ठेवून धरल्यावर पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षर उजळून दिसते. अक्षराच्या आत नागमोडी बारीक रेषा दिसल्या तर तो प्रयोगाचा दोष समजू नये. डावीकडे व उजवीकडे पीळ घेतलेल्या भागांच्या त्या सीमा आहेत आणि व्यापारी पडद्यात थोडे पिळदार द्रव्य का मिसळतात याचे उत्तर त्या रेषांतच आहे. केसांच्या ड्रायरने पट्टी तापविली की तापमान ३५ अंशांपलीकडे जाताच अक्षर नाहीसे होते, उन्हातल्या मीटरप्रमाणे सर्वत्र काळोख पसरतो. काही मिनिटे थांबल्यावर तेच अक्षर, त्याच कडांसह, पुन्हा उमटते.